अस्त्रविक्रय आणि राजधर्म

धान्य विकणारा वाणी धान्य मापून दिलें म्हणजे मोकळा झाला. ग्राहकानें त्याची भाकरी केली कीं दारू गाळली, हा जाब वाण्याला कोणी विचारीत नाहीं. वैद्याची गोष्ट निराळी आहे. विषारी औषध देतांना तो मात्रा सांगतो, पथ्य सांगतो, आणि रोग्याचें लक्षण बरें दिसलें नाहीं तर देण्याचें साफ नाकारतोही. शस्त्र विकणारा या दोघांपैकीं कोणाच्या पंक्तीस बसतो, हा प्रश्न स्वतःस विचारण्याचें कारण आम्हां भारतीयांना आजवर फारसें पडलें नव्हतें; कारण आम्ही शस्त्रांचें गिऱ्हाईक होतों, दुकानदार नव्हतों, आणि गिऱ्हाइकाला दुकानदाराचे दोष फार स्पष्ट दिसतात.

आतां ती स्थिति पालटली आहे. २८ जानेवारी २०२२ रोजीं फिलिपाइन्सच्या सरकारनें ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्राच्या तीन तुकड्या भारताकडून घेण्याचा करार केला. किनाऱ्यावरून जहाजांवर मारा करणारीं हीं अस्त्रें. किंमत सुमारें साडेसदतीस कोटी डॉलर. पहिली तुकडी १९ एप्रिल २०२४ रोजीं तिकडे पोंचली, दुसरी पुढील वर्षाच्या एप्रिलांत गेली. २०१३-१४ सालीं ६८६ कोटी रुपयांची असलेली आमची संरक्षण-निर्यात २०२४-२५ मध्यें २३,६२२ कोटींवर गेली. या आंकड्यांचें कौतुक सर्वत्र झालें, आणि तें अगदींच अस्थानीं होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. दीर्घकाळ परक्यांच्या दारांत उभें राहिलेल्या राष्ट्राला स्वतःच्या हातची वस्तु परक्यानें मागून न्यावी याचा आनंद व्हावयाचाच. परंतु आनंदाच्या भरांत प्रश्न विचारावयाचे राहून जातात.

या विक्रीच्या बाजूनें जें बोलतां येण्यासारखें आहे तें प्रथम मोकळ्या मनानें बोललें पाहिजे. लुझोन बेटाच्या पश्चिमेस सुमारें सव्वादोनशें किलोमीटरांवर स्कारबरो नांवाची प्रवाळांची उथळ जागा आहे. फिलिपिनो कोळी पिढ्यान्‌पिढ्या तेथें मासेमारीस जात आले. २०१२ सालच्या तंट्यानंतर ती जागा चिनी जहाजांच्या ताब्यांत गेली. फिलिपाइन्सनें १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारान्वयें लवादाकडे दाद मागितली. १२ जुलै २०१६ रोजीं हेग येथील लवादानें, जवळजवळ साऱ्या दक्षिण चिनी समुद्रावर चीन जो ऐतिहासिक हक्क सांगतो त्याला कायद्याचा आधार नाहीं, असा निर्णय दिला, आणि त्या कोळ्यांचा परंपरागत हक्कही मान्य केला. चीननें निर्णय धुडकावून लावला. ज्या न्यायासनाजवळ शिपाई नाहीं त्याचा हुकूमनामा हातांत घेऊन दुर्बळ वादीनें जावें तरी कोठें? अशा वादीला शस्त्र नाकारणें म्हणजे तटस्थ राहणें नव्हे. तें बलवानाच्या पारड्यांत मूकपणें टाकलेलें वजन आहे. शस्त्रविक्रीचा सरसकट निषेध करणारे सज्जन ही गोष्ट विसरतात.

शिवाय शस्त्राचें स्वरूपही पाहिलें पाहिजे. मोठें आरमार उभारण्यास पैसा लागतो, आणि दोन पिढ्यांचा काळ लागतो. गाडीवर चढविलेलें, झाडीआड लपवितां येणारें, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगानें जाणारें आणि २९० किलोमीटरांपर्यंत मारा करणारें अस्त्र किनाऱ्यावर असलें म्हणजे परक्या युद्धनौकेला त्या किनाऱ्याजवळ निर्धास्तपणें फिरतां येत नाहीं. समुद्र जिंकण्याचें हें साधन नव्हे. दुसऱ्याला तो बेफिकीरपणें वापरूं न देण्याचें आहे. कोणाच्या राजधानीवर चालून जाण्यासाठीं तें घेतलेलें नाहीं. म्हणून फिलिपाइन्सला तें देण्यांत अधर्म झाला असें आम्हांस वाटत नाहीं.

पण त्यामुळें तो समुद्र सुरक्षित झाला, असें जें उत्साहानें सांगण्यांत येतें, त्याविषयीं मात्र आम्ही साशंक आहों. पहिली तुकडी पोंचून दोन महिने होतात न होतात तोंच, १७ जून २०२४ रोजीं, सेकंड थॉमस नांवाच्या दुसऱ्या अशाच उथळ जागीं काय घडलें तें पाहावें. ‘सिएरा माद्रे’ हें एक जुनें जहाज फिलिपाइन्सनें १९९९ सालीं तेथें मुद्दाम रुतवून ठेवलें आहे आणि त्यावर मूठभर सैनिक राहतात. त्यांना शिधा पोंचविण्यास निघालेल्या होड्या चिनी तटरक्षकांनीं अडविल्या. त्यांच्या हातांत चाकू आणि कुऱ्हाडी होत्या. एका फिलिपिनो नाविकाचा आंगठा तुटला. ध्वनीहून वेगवान अस्त्र त्या दिवशीं गप्प राहिलें, आणि राहिलें हेंच योग्य झालें. कुऱ्हाडीला क्षेपणास्त्रानें उत्तर देतां येत नाहीं. दिलें तर तंटा आंगठ्यावर थांबत नाहीं. त्या समुद्रांतील रोजचा जुलूम पाण्याच्या फवाऱ्यांनीं, धक्क्यांनीं आणि घेराव्यांनीं चालतो, आणि त्या जुलमावर आमच्या मालांत औषध नाहीं. तो फक्त शेवटच्या दिवसासाठीं आहे.

यापुढचा प्रश्न अधिक बिकट आहे. आपण शस्त्र देतों तें आज ज्याच्या हातीं राज्य आहे त्याला. पण शस्त्राचें आयुष्य त्या राज्यकर्त्याच्या कारकीर्दीहून, कित्येकदां त्याच्या मित्रत्वाहूनही, मोठें असतें. फ्रान्सनें अर्जेंटिनाला ‘एक्झोसेट’ क्षेपणास्त्रें विकलीं तेव्हां तीं कोणावर सुटतील याचा विचार पॅरिसमधील विक्रेत्यांनीं केला असेल, तर त्यांत ब्रिटनचें नांव खचितच नसेल. ४ मे १९८२ रोजीं फॉकलंड बेटांच्या युद्धांत त्यांपैकीं एकानें ‘शेफील्ड’ ही ब्रिटिश विनाशिका पेटविली आणि वीस माणसें मेलीं. फ्रान्स ब्रिटनचा मित्र. युद्ध सुरू होतांच त्यानें पुढील पुरवठा थांबविला, परंतु गेलेला माल परत बोलावतां येत नाहीं. ब्रिटनला तरी तक्रारीस तोंड कितपत होतें? ‘शेफील्ड’च्याच जातीच्या दोन विनाशिका अर्जेंटिनाच्या आरमारांत होत्या, आणि त्या ब्रिटननेंच विकलेल्या होत्या. पांच वर्षांनीं, १७ मे १९८७ रोजीं, हींच फ्रेंच अस्त्रें इराकी विमानांतून इराणच्या आखातांत सुटलीं आणि ‘स्टार्क’ या अमेरिकन जहाजावर आदळलीं. सदतीस नाविक ठार झाले. इराकनें ती चूक असल्याचें सांगितलें. तें खरेंही असेल. सुमारें पस्तीस किलोमीटरांवरून यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या ठिपक्याला ध्वज नसतो.

कर्णाला इंद्रानें दिलेली शक्ति आपणां सर्वांस ठाऊक आहे. कवचकुंडलांच्या मोलानें घेतलेली ती, अर्जुनासाठीं जपून ठेवलेली, अखेरीस पडली घटोत्कचावर. महाभारतकारांना हें चांगलें कळत होतें कीं संकटाच्या रात्रीं, ज्याच्यासाठीं अस्त्र राखलें तो समोर नसतो, आणि जो समोर असतो त्याच्यावरच तें टाकावें लागतें.

कधीं कधीं तर मूळ ग्राहकाच्या हातूनही तें निसटतें. १४ जुलै २००६ रोजीं लेबननच्या किनाऱ्यासमोर इस्रायलची ‘हानीत’ ही युद्धनौका क्षेपणास्त्रानें जखमी झाली व चार नाविक मेले. अस्त्र होतें मूळ चिनी घडणीचें, आलें इराणकडून, आणि सोडणारे हिजबुल्लाचे लोक, ज्यांना राज्य नाहीं आणि आरमारही नाहीं. चीनचें त्या नाविकांशीं वैर नव्हतें.

आमच्या स्वतःच्या इतिहासांत या प्रश्नाचा एक धडा आहे. त्याकडे आम्ही सोयीनें एकाच बाजूनें पाहत आलों आहों. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा दिला असतां राजापूरच्या वखारींतील इंग्रजांनीं त्याला गरनाळांचे गोळे पुरविले, आणि हेन्री रेव्हिंग्टन वगैरे मंडळी स्वतः जाऊन, आपलें निशाण फडकावून, ते गडावर डागूं लागली. माल चांगला आहे हें दाखविणें, मोठ्या सत्तेची मर्जी संपादणें आणि पुढील व्यापाराची सोय करणें, असा तो सरळ हिशेब असावा. आजच्या भाषेंत त्याला संरक्षण-मुत्सद्देगिरी म्हणतां येईल. पुढच्याच वर्षीं शिवाजीमहाराजांनीं राजापूर लुटलें, वखार खणून काढली आणि त्या इंग्रजांना कैदेंत टाकलें. हें शासन योग्य होतें याविषयीं कोणाही मराठी मुलास शंका आली नसेल. पण मग हेंही मान्य करावें लागतें कीं, विकलेला गोळा ज्याच्या अंगणांत पडतो त्याला विकणारा निव्वळ व्यापारी वाटत नाहीं. तो त्याला शत्रुपक्षांतीलच एक गणतो. राजापूरकरांना हें फार उशिरां कळलें. मनिलाला अस्त्रें देतांना बीजिंगशीं आपलें काय नातें होतें आहे, हें दिल्लीनें आधींच समजून घेतलें असलें पाहिजे. चीन पाकिस्तानला वर्षानुवर्षें शस्त्रें पुरवीत आला, तेव्हां त्याला बोलण्यास जागा नाहीं, असें उत्तर कोणी देईल. वादविवादांत तें उत्तर बिनतोड आहे. परंतु शेजाऱ्यानें वखार उघडली म्हणून आम्हींही उघडली, एवढ्यावर राजधर्म उभा राहत नाहीं. फिलिपाइन्सची बाजू न्यायाची होती, हें आमचें खरें समर्थन आहे, आणि तें समर्थन प्रत्येक ग्राहकाला लागू पडेलच असें नाहीं.

येथें एक जुनी आठवण देणें भाग आहे. २ एप्रिल २०१३ रोजीं शस्त्रव्यापारावर निर्बंध घालणारा करार संयुक्त राष्ट्रांच्या महासभेपुढें आला तेव्हां भारत तटस्थ राहिला. विकणारीं राष्ट्रें या कराराचा उपयोग घेणाऱ्यांवर दडपण आणण्याकडे करतील, कबूल केलेला पुरवठा एकतर्फी तोडतील, हा आमचा मुख्य आक्षेप होता. घेणाऱ्याच्या जागेवरून तो रास्तच होता. पण आतां जागा बदलली आहे. उद्यां आमच्याच एखाद्या ग्राहकानें अन्यायाच्या कामीं अस्त्र उचललें, तर सुटे भाग आणि दुरुस्ती रोखून धरण्याचा अधिकार आम्हांला हवा कीं नको? हवा असेल, तर २०१३ सालीं ज्यांच्यावर आम्हीं संशय घेतला त्यांच्या रांगेंत आम्ही उभे आहों. आणि नको असेल, तर आम्ही वाण्याच्या पंक्तीस बसलों आहों. शिवाय ब्रह्मोस हें रशियाच्या भागीदारींत, १९९८ सालच्या करारानें जन्मलेलें. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांचीं नांवें जोडून त्याचें नांव झालें. म्हणजे दुकान भागीदारीचें, आणि दुसरा भागीदार २०२२ पासून युक्रेनमध्यें स्वतःच्या युद्धांत गुंतलेला. पाप-पुण्याची वांटणी कशी करावी याचें कलम अशा करारांत नसतें.

नद्यांवरून नांव पडलें खरें, पण ऐकणाऱ्याच्या कानांत ब्रह्मास्त्रच घुमतें. त्या अस्त्राची कथा सौप्तिक पर्वांत आहे. द्रोणांनीं ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला संतोषानें दिलें. पुत्रानें हट्ट धरला तेव्हां तें त्यालाही दिलें, पण मन प्रसन्न नव्हतें, आणि माणसांवर हें टाकूं नकोस अशी ताकीद त्यांना द्यावी लागली. पुढें दोघांनींही अस्त्रें सोडलीं. अर्जुनाला आपलें आवरतां आलें; अश्वत्थाम्याला आवरतां येईना, आणि तें उत्तरेच्या गर्भावर पडलें. द्रोण तोंवर हयात नव्हते. ग्राहकाची पारख त्यांना होती. नाहीं म्हणण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं. पुत्रप्रेमाच्या जागीं आज निर्यातीचें उद्दिष्ट ठेवून पाहावें.

आवरण्याच्या विद्येविषयीं आपणही फार बढाई मारूं नये. फिलिपाइन्सच्या करारावर सह्या होऊन चाळीस दिवस झाले असतील, तोंच ९ मार्च २०२२ रोजीं एक ब्रह्मोस आमच्याच हातून चुकून सुटलें आणि पाकिस्तानांत मियां चन्नूनजीक जाऊन पडलें. त्यावर स्फोटक नव्हतें आणि कोणी मेलें नाहीं, हें दोन्ही देशांचें भाग्य. चौकशींत ठरलेल्या पद्धतीचा भंग झाल्याचें आढळलें आणि ऑगस्टांत तीन अधिकाऱ्यांना सेवेंतून काढण्यांत आलें. ज्यांनीं हें अस्त्र घडविलें, वर्षानुवर्षें हाताळलें, त्यांच्या घरीं जर हें घडूं शकतें, तर नवशिक्या ग्राहकाला देतांना शिक्षणाचे तास मोजून भागणार नाहीं.

समुद्रावर कोण असतें, हेंही या साऱ्या चर्चेंत बाजूला पडतें. ६ मार्च २०२४ रोजीं एडनच्या आखातांत ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर हूथी बंडखोरांचें क्षेपणास्त्र पडलें. मेले ते दोन फिलिपिनो खलाशी आणि एक व्हिएतनामी. उरलेल्या एकवीस जणांना भारतीय आरमाराच्या ‘कोलकाता’ या नौकेनें वांचविलें. त्यांत एक भारतीय होता. जगाच्या जहाजांवर फिलिपाइन्सचीं आणि आमचीं माणसें मोठ्या संख्येनें राबतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या गांवांतून आजही कितीतरी घरें त्याच कमाईवर चालतात. कोणीतरी कोणालातरी पुरविलेलें अस्त्र त्या दिवशीं अशा दोन घरांवर पडलें, आणि त्यानंतर सहाच आठवड्यांनीं आमची पहिली तुकडी त्या घरांच्या देशांत उतरली.

व्हिएतनाम आणि इंडोनेशिया यांचीं नांवें पुढील ग्राहक म्हणून वर्तमानपत्रांतून येत आलीं आहेत. त्यांचा समुद्रावरील हक्क काय, तंटा कोणाशीं, शस्त्र तिसऱ्याच्या हातीं जाऊं नये यासाठीं करारांत काय लिहिलें, आणि तें मोडलें तर आम्ही काय करणार, याचा तपशील गुप्त राखण्यासारखा फारसा नाहीं. दरवर्षीं एप्रिलच्या आरंभीं निर्यातीचा आंकडा सरकार उत्साहानें प्रसिद्ध करतें. त्याच दिवशीं हीं उत्तरेंही संसदेपुढें ठेवावीं, एवढेंच आमचें मागणें आहे.