टेकडी आणि घड्याळ

नागपूरच्या सेमिनरी टेकडीवर पहाटे धावणाऱ्या मुलांस ‘अंतर किती? वेळ किती?’ असे आम्ही सहज विचारतो. हा प्रश्न रास्त आहे काय?

बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅम येथे ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पुरी केली. धावपट्टी मापाची, म्हणून त्या आकड्यास सर्वत्र अर्थ आहे. क्रॉस कंट्रीत चढ, चिखल, माती ठिकठिकाणी निराळी. तेथे संघाचा निकालही क्रमांकांच्या बेरजेवरून लागतो, वेळेवरून नव्हे.

तरी घड्याळ व्यर्थ नव्हे. त्याच वाटेवरील आपली प्रगती तेच सांगते. परंतु वाट ठाऊक नसता त्यावरून कोणाची योग्यता ठरवू नये. निरनिराळ्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांस एकाच गुणपत्रिकेने तोलणाऱ्या आम्हां अध्यापकांस हे उमगावयास फार वर्षे लागली.