वाया गेलेले वर्ष

ज्या घरातला मुलगा वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट'ला पुन्हा बसलेला असतो, त्या घरी दिवाळीच्या फराळाला नातेवाईक जमले, की चकलीबरोबर एक प्रश्न हटकून येतो : "काय, यंदा तरी?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण त्या 'तरी'मध्ये मागच्या गुणांची जेवढी नोंद असते, तेवढी सरकारी दप्तरातही नसते.

ही अतिशयोक्ती नव्हे. या परीक्षेत ७२० पैकी यंदा किती, एवढेच पाहतात; गेल्या वर्षीचे कोणी विचारीत नाही. कितीदा बसावे याला बंधन नाही, आणि २०२२ साली वयाची कमाल मर्यादाही उठली. बारावीचे गुण उणे पडले, तर राज्य मंडळाची श्रेणीसुधाराची सोय आहे. अमेरिकेत मात्र तोच विषय पुन्हा घेतला, तरी दोन्ही वेळचे गुण अर्जात राहतात.

यातली न्याय्य रीत कोणती? व्यवहारी माणूस म्हणेल, तिसऱ्या खेपेस लागलेल्या डॉक्टरच्या हाती मी नाडी का द्यावी? प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण प्रवेशाची परीक्षा म्हणजे डॉक्टरकीची परीक्षा नव्हे. ती पुढे साडेचार वर्षे आणि वर्षभराची आंतरवासिता अशी व्हायचीच असते. सतराव्या वर्षी न कळलेले एकोणिसाव्या वर्षी कळले, म्हणून ते कळणे शिळे होत नाही.

उल्हासनगरात तरी हे पटायला जड जाऊ नये. हे गावच दुसऱ्यांदा मांडलेल्या डावाचे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले आणि १९४९ साली त्या 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना माणसे 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' म्हणतात. पण म्हणून कोणी त्यांना निर्वासित लेखीत नाही. शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करताना, आपल्यापाशी सर्व अटींना पुरेल एवढी पात्रता नाही, हे स्वतःच लिहून मोकळ्या झाल्या होत्या. महाविद्यालयाने त्यांना घेतले, आणि १८८६ साली त्या एम. डी. झाल्या. उणीव लपवावी लागली नाही, हे मला त्यात मोलाचे वाटते.

मग आपली विसरभोळी परीक्षाच बरी, असे म्हणून थांबता आले असते. पण ही क्षमा फुकट मिळत नाही. दुसऱ्या खेपेचे वर्ष म्हणजे शिकवणीची फी, लातूरला पाठवले तर खोलीचे भाडे आणि खाणावळ. शिवाय बारा महिने घरात एक कमावता हात कमी. फर्निचर बाजारातल्या दुकानमालकाच्या मुलाला हे वर्ष सहज मिळते. त्याच दुकानात रंधा मारणाऱ्याच्या मुलाला तेवढेच गुण कमी पडले, तर तो जून उलटण्याआधी कामाला लागतो. नियम दोघांना सारखाच. पण विसरले जाते ते एकाचेच अपयश. दुसऱ्याचे आयुष्यभर त्याच्या कपाळी राहते, आणि आपण त्याला गुणवत्ता म्हणतो.

आणि मुलीचे काय? तिच्या बाबतीत "आणखी एक वर्ष?" हा प्रश्न निकालाच्या संध्याकाळी घरातलाच कोणी विचारतो, आणि त्यात पैशांपेक्षा तिचे वय अधिक मोजलेले असते.