सोनतळीपासून आखाड्यापर्यंत

रानडुकराच्या शिकारीत झालेल्या अपघातात १९१८ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी गेले. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अकरा-बारा वर्षांच्या. अशा सुनेच्या वाट्याला तेव्हा पडदा आणि उपासतापास यायचे. महाराजांनी तिला सोनतळीच्या कॅम्पवर नेलं, शिक्षक नेमले, वेगवेगळ्या जातींच्या मुली सोबतीला दिल्या. पुस्तकांच्या जोडीला घोडेस्वारी आली, मोटार चालवणं आलं आणि शिकारही आली.

या शिकारीपाशी माझं मन दर वेळी अडतं. जिच्यापायी मुलगा गेला, तीच विद्या सासऱ्याने विधवा सुनेला द्यावी, हे नुसत्या मायेने होत नाही. बाईने, त्यातून विधवेने, अंग चोरूनच जगायचं ही समजूत त्यांना मुळापासून उखडायची होती, असं मला वाटतं. संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि विधवाविवाहाचा कायदा १९१७ चाच. सोनतळी म्हणजे तोच विचार स्वतःच्या घरात आणणं. राजवाड्यातूनच विरोध झाला. महाराजांनी तो जुमानला नाही.

पण सोनतळीला राजाचा शब्द पाठीशी होता. चार लोकांपुढे बाई खेळेल तेव्हा काय, हा प्रश्न बाकीच होता. त्याचं उत्तर कोल्हापूरने पन्नाशीच्या दशकात दिलं आणि ते आठवलं की आजही वाईट वाटतं. मिर्झापूरच्या पैलवान हमीदा बानोंनी इथे कुस्तीत सोमासिंग पंजाबी या पुरुष मल्लाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ज्या गावाने कुस्ती जिवापाड जपली, खासबागेसारखं मैदान बांधलं, त्या गावाला बाईचा डाव बघवला नाही.

कोल्हापूरबाहेरही खेळणाऱ्या बाईची वाट सोपी नव्हती. त्याच सुमारास मुंबईच्या मेरी डिसूझा धावतही होत्या आणि हॉकीही खेळत होत्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला घरच्यांनी, मित्रमंडळींनी पैसे उभे केले. दोन वर्षांनी मनिलाच्या आशियाई स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आलं. हॉकीत मात्र बायकांना ऑलिंपिकचं दार १९८० मध्ये उघडलं. अंगात दोन खेळ असून एकालाच मोठं मैदान मिळालं.

कोल्हापूरची मुलगी जगज्जेती झाली ती २०१० साली, म्युनिकला. तेजस्विनी सावंत, ५० मीटर रायफल प्रोन. नेमबाजीत असं जागतिक अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय महिला. २०१८ मध्ये राही सरनोबतने आशियाई सुवर्ण आणलं. गावाने दोघींना डोक्यावर घेतलं. नेमबाजीत समोर पुरुष चितपट होत नाही, समोर असतं ते लक्ष्य. म्हणून हा खेळ आमच्या पचनी आधी पडला असावा. कुस्तीला वेळ लागला. २००४ मध्ये महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, मॅट आली, आणि वडणग्याच्या रेश्मा मानेसारख्या मुली लांग कसू लागल्या.

आता मुलगी तालमीत जाते, रेंजवर जाते, आणि घरचे सोडायला येतात. पण खेळ एकच आणि तोही पदकासाठी, नाहीतर नोकरीतल्या आरक्षणासाठी. सोनतळीच्या त्या मुलीला घोडा, मोटार, बंदूक असं सगळं मिळालं, ते पदकासाठी नव्हतं. अंगात बळ आणि मनात धीर यावा म्हणून होतं. तेवढ्याच कारणासाठी मुलीला रोज संध्याकाळी मैदानावर धाडणारी घरं कोल्हापुरात अजून थोडीच आहेत.