दुसऱ्याच्या पाठीवरची सुट्टी

भूमध्य समुद्रातल्या मेनोर्का या स्पॅनिश बेटाला काठाकाठाने पूर्ण वळसा घालणारी एक जुनी वाट आहे. कामी दे कावाल्स हे तिचे नाव. मराठीत तिला घोडवाट म्हणता येईल. लांबी १८५ किलोमीटर, अधिकृत टप्पे २०. रोज पंचवीस-तीस किलोमीटर या हिशेबाने घोड्यावरून निघालेला माणूस आठवडाभरात बेटाची प्रदक्षिणा पुरी करतो, आणि अशा सहली तिथे नेमाने निघतात. उत्तरेला वाऱ्याने झोडपलेला तांबडा-काळा खडक, दक्षिणेला चुनखडीचे कडे आणि पाइनच्या सावलीतल्या लहान खाड्या, अधूनमधून टेहळणीचे बुरूज, असा हा प्रवास देखणा आहे यात वाद नाही. वाद त्याच्या तळाशी आहे. सुट्टी म्हणजे श्रमातून सुटका. इथे एका जिवाची सुटका दुसऱ्या जिवाच्या श्रमावर उभी असते. हे योग्य आहे का, आणि असेल तर कोणत्या अटीवर?

मुळात ही वाट मौजेसाठी नव्हती. तिचा इतिहास चौदाव्या शतकापर्यंत मागे नेला जातो आणि तो बेटाच्या रक्षणाशी बांधलेला आहे. समुद्राकडून येणारे संकट काल्पनिक नव्हते. १५३५ मध्ये ऑटोमन आरमाराचा प्रमुख बार्बारोसा याने माओ हे बंदर लुटले. १५५८ मध्ये ऑटोमन आरमाराने सियुतादेया हे शहर उद्ध्वस्त केले आणि हजारो माणसांना गुलाम करून नेले. अशा बेटावर किनाऱ्याची गस्त घालणारा घोडेस्वार चैनीला निघालेला नसतो. घोड्याच्या पाठीवरचा भार तिथे गावाच्या जिवाच्या मोलाचा होता, आणि त्या काळी कोणी त्याबद्दल प्रश्न विचारला असता तर ‘गरज’ या एका शब्दात उत्तर मिळाले असते. खुद्द घोड्याला मात्र त्या युद्धात फारसे काही गमवायचे नव्हते. मालक बदलला तरी त्याचे काम तेच राहणार होते.

विसाव्या शतकात वाटेचा बराच भाग खाजगी जमिनींच्या कुंपणाआड गेला. लोकांनी हक्क सांगितला, २००० मध्ये बालेआरिक बेटांच्या विधिमंडळाने कायदा करून वाटेवरून जाण्याचा सार्वजनिक हक्क मान्य केला आणि २०१० पासून संपूर्ण वाट पुन्हा खुली झाली. जमिनीवरचा माणसाचा हक्क किती, याचा निकाल त्या कायद्याने लावला. घोड्यावरचा माणसाचा हक्क किती, हा प्रश्न कायद्यापुढे आलाच नव्हता. गस्तीची गरज तर केव्हाच संपली. म्हणजे जुने समर्थन गेले आणि वापर उरला. ज्या कामाला गरजेचा आधार नाही त्या कामासाठी दुसऱ्याला राबवायचे असेल तर समर्थन जास्त भक्कम लागते. मौजेच्या घोडेस्वारीचा प्रश्न गस्तीच्या घोडेस्वारीपेक्षा अवघड आहे तो यामुळेच.

धर्मपरंपरांनी या प्रश्नाला निरनिराळ्या बाजूंनी हात घातला आहे, आणि त्यातल्या तीन परंपरा याच बेटावर नांदून गेल्या आहेत. इ. स. ४१८ मध्ये बिशप सेव्हेरस याने मेनोर्कावरच्या ज्यूंच्या धर्मांतराचा वृत्तान्त लिहिला, त्या काळी तिथे ज्यूंची वस्ती होती. पुढे दहाव्या शतकापासून १२८७ पर्यंत बेट मुस्लिम सत्तेखाली होते, नंतर ते अरागॉनच्या ख्रिस्ती राजाने जिंकले.

ज्यू परंपरेचे उत्तर सर्वांत थेट आहे. तोरामधली शब्बाथची आज्ञा घरधन्यापुरती थांबत नाही. नोकर, परका पाहुणा, बैल, गाढव या सगळ्यांना ती सातव्या दिवशी विश्रांती देते, आणि एके ठिकाणी तर जनावरांना विसावा मिळावा हेच कारण सांगते. शब्बाथला जनावरावर बसणेही रब्बींनी निषिद्ध ठरवले. या नियमामागे एक मोठा विचार आहे: दुसऱ्याला राबवून मिळवलेली विश्रांती ही पुरी विश्रांती नव्हे. घोड्यावरच्या सुट्टीला याहून नेमका आक्षेप दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथात सापडणे कठीण आहे.

इस्लामची भूमिका वेगळी आहे. कुराणाच्या अन्-नहल या सोळाव्या सुरेत घोडे, खेचरे आणि गाढवे माणसाच्या स्वारीसाठी व शोभेसाठी निर्माण केल्याचे सांगितले आहे. म्हणजे गरजेबरोबर आनंदालाही तिथे जागा आहे. पण हदीसमध्ये जनावराच्या पाठीचे व्यासपीठ करू नका, अशी ताकीदही येते. पोहोचण्यासाठी बसा, गप्पा मारत, भाषण करत उभ्या जनावरावर नुसते बसून राहू नका, असा तिचा रोख आहे. ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न फारसा टोचत नाही. स्पेनमधल्याच सांतियागोच्या यात्रेत शेवटचे १०० किलोमीटर पायी किंवा घोड्यावरून केले तर यात्रेकरूला प्रमाणपत्र मिळते, सायकलवाल्याला मात्र २०० किलोमीटरची अट आहे. स्वाराचे आणि पायी चालणाऱ्याचे पुण्य एकाच मापाने मोजले जाते. घोड्याच्या चार पायांचा हिशेब कोणी मागत नाही. मेनोर्कावर २३ आणि २४ जूनला सियुतादेयामध्ये संत योहानाचा सण होतो, त्यात काळेभोर मेनोर्की घोडे गर्दीच्या मधोमध मागच्या पायांवर उभे केले जातात आणि लोक त्यांच्या छातीला हात लावतात. घोडा त्या सणाचा मानकरी आहे, पण त्याला विचारून काही केले जाते असे म्हणता येणार नाही.

भारतीय ग्रंथांत यात्रा आणि वाहन यांचा वाद जुना आहे. मत्स्यपुराणातले प्रयागमाहात्म्य सांगते की ऐश्वर्यामुळे, लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून तीर्थाला जातो त्याची यात्रा निष्फळ होते. शब्द नीट पाहिले तर निषेध दिमाखाचा आणि मोहाचा आहे, वाहनाचा सरसकट नाही. चिंताही स्वाराच्या पुण्याची आहे, वाहून नेणाऱ्याच्या पाठीची नाही. अपवाद एकच: बैलावर बसून प्रयागला जाणाऱ्याला नरक सांगितला आहे, आणि कारण दिले आहे गायींच्या भयंकर कोपाचे. त्या एका जागी जनावर हे साधन न राहता तक्रार असलेला जीव म्हणून पुढे येते. घोड्याला असा कैवारी तिथे मिळालेला नाही.

या साऱ्यांत व्यवहाराला सर्वांत उपयोगी पडणारी मांडणी जैनांची आहे. जैन साधू वाहनात बसतच नाहीत, त्यांचा विहार पायी. पण गृहस्थासाठी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: जखडून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. जनावर पाळूच नका, असे सूत्र म्हणत नाही. कुठे पाय घसरतो तेवढे ते दाखवते. आवळलेला लगाम, चाबूक, पाठीला न पेलणारे वजन, पाण्याशिवाय काढलेली दुपार. सहलीच्या घोड्याला होऊ शकणारा जवळपास प्रत्येक त्रास या यादीत आधीच नोंदलेला आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. शब्बाथच्या आज्ञेशी त्याचे नाते उघड आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढे अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व चालतात. एकावर जरीपटक्याचा स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. रिंगणात तो धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. ज्या घोड्याला सर्वाधिक मान, त्याची पाठ रिकामी राहते. दुसरीकडे केदारनाथच्या चढावर २०२२ च्या हंगामात कितीतरी खेचरे दगावली, तीही यात्रेकरूंनाच वाहून नेताना. माउलींच्या अश्वाला हात जोडणारा समाज तोच, हे बोचल्यावाचून राहत नाही.

तत्त्वज्ञांकडे वळले तर ॲरिस्टॉटलपासून सुरुवात करावी लागते. निकोमाखसच्या नीतिशास्त्रात तो म्हणतो की घोड्याशी किंवा बैलाशी मैत्री संभवत नाही, कारण दोघांत सामाईक असे काही नसते. त्याच ओळीत तो गुलामालाही बसवतो, आणि त्यामुळे त्या निष्कर्षावरचा विश्वास आपोआप कमी होतो. ॲरिस्टॉटलच्याच शतकातला झेनोफोन स्वतः घोडदळातला माणूस होता. घोडेस्वारीवरच्या त्याच्या ग्रंथातली भूमिका अशी की घोड्याने धाकाने केलेल्या कृतीत ना समज असते ना सौंदर्य. नर्तकाला फटके मारून नाचवले तर जे होईल तेच होते. पुस्तकी तत्त्वज्ञापेक्षा इथे घोडेस्वाराला जास्त दिसले. कांटच्या मते जनावरांविषयी माणसाचे थेट कर्तव्य नाही, असते ते अप्रत्यक्ष. तरीही १७९७ च्या ग्रंथात त्याने म्हातारपणापर्यंत सेवा केलेल्या घोड्याविषयी कृतज्ञता हे माणसाचे कर्तव्य मानले आणि जनावराला ताकदीबाहेर राबवण्याचा निषेध केला.

आजच्या वादात एका टोकाला प्राणिहक्कांचे पुरस्कर्ते गॅरी फ्रॅन्सिओन आहेत. जनावर ही मालमत्ता असणे हाच मूळ अन्याय, म्हणून पाळीव प्राण्यांची पैदासच थांबवावी, असे ते मानतात. हे म्हणणे तर्काला धरून आहे, पण ते मान्य केले तर मेनोर्की घोडा ही जातच राहणार नाही, आणि आज जिवंत असलेल्या घोड्याला त्यातून काही मिळत नाही. डोनाल्डसन आणि किमलिका या लेखकद्वयाने २०११ च्या ‘झूपोलिस’ या पुस्तकात दुसरा मार्ग सुचवला: पाळीव प्राण्यांना आपल्या समाजाचे नागरिक समजा. नागरिक एकमेकांच्या उपयोगी पडतात, त्यात गैर नाही. उपयोगाचे शोषण होते ते एका पक्षाला ‘नाही’ म्हणण्याची सोय उरत नाही तेव्हा.

घोडा ‘नाही’ म्हणू शकतो का? नॉर्वेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३ घोड्यांना तीन चिन्हे शिकवली गेली: अंगावर झूल घाला, झूल काढा, आहे तसेच राहू द्या. दोन आठवड्यांच्या आत सगळे शिकले, आणि गारठ्यात झूल मागू लागले, उबदार हवेत ती काढायला सांगू लागले. संमती ही कल्पना घोड्याच्या बाबतीत भाबडी आहे, असे यापुढे म्हणता येत नाही. अडचण ऐकणाऱ्याची आहे. घोडा मूळचा शिकार होणारा प्राणी, दुखणे लपवणे त्याच्या रक्तात आहे. म्हणूनच २०१४ मध्ये संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी तयार केली: ताठ मागे वळलेले कान, डोळ्यावरचा ताण, आवळलेले तोंड, ताणलेल्या नाकपुड्या.

घोडवाटेवर हे वाचन करायला रोज जागा मिळते. शेताच्या सीमेवर जंगली ऑलिव्हच्या वाकड्या फांद्यांची फाटके आहेत. फाटकाशी स्वार उतरतो, लगाम सैल सोडतो. त्या क्षणी घोड्याचा खालचा ओठ लोंबला, एक मागचा पाय टेकलेल्या खुरावर सैल पडला, तर तो निवांत आहे. तंग आवळताना मान वळवून दात दाखवू लागला तर खोगिराखाली किंवा पोटात काहीतरी बिघडले आहे. पोटाचा मुद्दा साधा नाही. घोड्याचे जठर लहान, त्यात आम्ल सतत पाझरते, आणि मोकळा घोडा दिवसाचा बहुतेक वेळ चरत असतो. सात-आठ तास तोंडात काही न जाता चालवलेल्या घोड्याला जठरात व्रण होण्याचा धोका असतो. वजनाबद्दल सर्रास मानली जाणारी मर्यादा घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांश, खोगिरासकट. ५०० किलोच्या घोड्यावर स्वार, खोगीर आणि पिशव्या मिळून १०० किलो. अतिभार म्हणजे काय, याचा आकडा आता हाताशी आहे.

एवढे जमेस धरल्यावर दोष नेमका कुठे बसतो ते दिसू लागते. स्वारीत तो मुळातून नाही. चांगल्या वाटेवर, बरोबरच्या घोड्यांसह चालणे घोड्याला छळच वाटते असे मानायला आधार नाही. दोष वेळापत्रकात आहे. आज अमुक गावी मुक्काम, खोली राखून ठेवलेली, परवा विमान, ही साखळी एकदा बांधली की लंगडणाऱ्या घोड्याचे ‘नाही’ ऐकणे परवडत नाही. चाबूक हातात न घेताही मग सक्ती होते. म्हणून अट अशी निघते: दिवसाचा पल्ला घोड्याने ठरवायचा. टप्पा अर्धवट सोडण्याची मुभा, मधला पूर्ण विश्रांतीचा दिवस, चढउतारावर स्वाराने पायउतार होणे, बदली घोडा, आणि दर मुक्कामी माणसांच्या जेवणाआधी घोड्यांना पाणी व चारा. शब्बाथच्या आज्ञेने मागितलेले यात बरेचसे येते: विश्रांती दोघांची असेल तरच ती सुट्टी.

अशा सहलीचे पैसे भरणाऱ्याने चालकाला तीन प्रश्न विचारावेत. घोड्याला आठवड्यात किती दिवस मोकळे सोडता? वजनाची मर्यादा किती, आणि ती ओलांडणाऱ्याला खरोखर परत पाठवता का? म्हातारे झालेले घोडे कुठे आहेत? तिसरा प्रश्न कांटचा आहे आणि त्याचे उत्तर चालकाने कुरणात नेऊन दाखवावे. जिथे तो टाळाटाळ करील तिथे घोडा घेऊ नये. ही वाट पायी जाणाऱ्यांनाही तितकीच खुली आहे.