अनुदानातले दान

'अनुदान' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याच्या पोटात 'दान' दडलेले आहे, हे ध्यानीही येत नाही. दान म्हणजे देणाऱ्याने स्वखुशीने द्यावे आणि घेणाऱ्याने उपकृत होऊन स्वीकारावे अशी गोष्ट. परंतु पहाटे काळोखात उठून जो गोठ्यात शिरतो, त्याच्या पदरी पडणारा पैसा हे दान की देणे? महाराष्ट्र शासनाच्या गायदूध अनुदानाचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

दूध थांबत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, ज्वारी कणगीत राहते. सकाळची धार मात्र सकाळीच घालावी लागते. भाव पडला म्हणून गाय पेंड खायची थांबत नाही. म्हणूनच अहिल्यानगर जिल्ह्यातला संगमनेर-राहात्याकडचा उत्पादक संकलन केंद्रावर कॅन घेऊन उभा राहतो, तेव्हा घासाघीस करण्याचे बळ त्याच्यापाशी नसते. बाजारात दूध पावडरीचे दर कोसळले की त्याची झळ थेट त्याच्या गोठ्यापर्यंत पोचते. उसाला कायद्याचा आधार असलेला किमान दर आहे. दुधाला तसा नाही. जुलै २०२३ मध्ये शासनाने ३.५ फॅट व ८.५ एसएनएफच्या गायदुधासाठी लिटरला ३४ रुपये दर ठरवून दिला खरा, पण वर्ष संपता संपता तो दर बहुतेकांच्या हाती पडत नव्हता.

मग अनुदान आले. २०१८ च्या जुलैतील दूध आंदोलनानंतर लिटरमागे ५ रुपये दूध प्रक्रिया करणाऱ्यांमार्फत देण्यात आले होते. २०२४ मध्ये मात्र ते थेट उत्पादकाच्या बँक खात्यात जमा करायचे ठरले. त्यासाठी गायीच्या कानात बिल्ला हवा, तिची नोंद हवी, खाते आधारशी जोडलेले हवे. मध्यस्थाच्या हातून काढून थेट हाती देणे हे न्यायाच्या दिशेने टाकलेले पाऊल होते, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही त्याच वर्षीचा एक हिशेब मनाला टोचतो. जुलैपासून डेअरीने ३० रुपये द्यावेत आणि शासनाने ५, असे ठरले होते. ऑक्टोबरपासून शासनाचे ५ रुपयांचे ७ झाले, आणि डेअरीचे ३० चे २८. उत्पादकाला पूर्वीही ३५, नंतरही ३५. वाढलेले दोन रुपये गेले कुठे? नाव शेतकऱ्याचे, सवलत मात्र खरेदीदाराची! उद्या कोणी म्हणेल, 'शेतकऱ्यांना किती म्हणून द्यायचे?' तेव्हा त्याला हा हिशेब दाखवावा.

करदात्याचा आक्षेप मात्र पोकळ नाही. ज्या मजुराच्या घरी चहापुरतेच दूध येते, तोही साबणावर कर भरतो. त्याच्या पैशातून दुसऱ्याचा तोटा का भरून काढावा? माझ्या मते याचे प्रामाणिक उत्तर एकच: शहराला परवडणाऱ्या दरात दूध हवे असेल, तर त्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतो, आणि आजवर ती गोठ्याने मोजली. सर्वांनी मिळून तिचा वाटा उचलणे हा उपकार नव्हे. घेतलेल्या मालाची बाकी चुकती करणे होय.

परंतु बाकीच चुकवायची, तर ती ज्याची आहे त्याला मिळायला हवी. लिटरवर हिशेब असल्याने पन्नास गायींच्या गोठ्याला भरघोस मिळाले, दोन गायींच्या दावणीला थोडे. म्हशीचे दूध योजनेबाहेर राहिले. कॅनऐवजी घरोघरी रतीब घालणारा संघाच्या वहीत नसतो, म्हणून तोही बाहेर राहिला. आणि वैरण कापणारी, शेण काढणारी बहुधा घरातली बाई असते. संघातले खाते बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर. तिच्या गायीला बारा आकडी क्रमांक आहे, तो कानातल्या बिल्ल्यावर वाचता येतो. पैसे जमा झाल्याचा संदेश मात्र नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, आणि त्यातले काय पेंडीला, काय घरखर्चाला, हे तो ठरवतो.