जपणें आणि वापरणें

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांत दोन पंथ आढळतात. एका पंथाचीं माणसें वस्तु कापडांत गुंडाळून कपाटांत ठेवतात आणि सणावारीं बाहेर काढून पुसतात. दुसऱ्या पंथाचीं माणसें ती रोज हाताळतात आणि झिजली कीं दुरुस्त करून घेतात. आमच्या आजीच्या पश्चात् तिचीं पितळेचीं दोन पातेलीं दोन सुनांकडे आलीं. माझी आई आपल्या पातेल्याला वेळोवेळीं कल्हई करवून घेई आणि त्यांत आमटी करी; काकूंनीं आपलें पातेलें चिंचेनें लखलखीत घासून दिवाणखान्यांत मांडून ठेवलें. दोघींचीही सासूवर सारखीच भक्ति होती. तथापि त्या दोघींपैकीं आजीचें पातेलें खरोखर जपलें कोणी, या प्रश्नाचें उत्तर मला पुष्कळ वर्षें देतां आलें नाहीं. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण पातेल्याच्या जागीं भाषा, कुलाचार किंवा मैत्री घालून पाहिली, म्हणजे तो तितका क्षुल्लक राहत नाहीं.

या प्रश्नाकडे मी पुन्हां वळलों तो एका जुन्या मोटारीमुळें. माझ्या वडिलांजवळ एक मॉरिस मायनर होती. इंग्लंडांतील कारखान्यांतून ही गाडी १९४८ ते १९७१ पर्यंत निघत असे. वडिलांनीं ती दुसऱ्याकडून विकत घेतली होती. पण तिची त्यांनीं जितकी निगा राखली, तितकी स्वतःच्या प्रकृतीचीही राखली नाहीं. ते गेल्यानंतर मीं ती घरामागच्या पडवींत उभी केली, तिच्यावर ताडपत्री घातली आणि तिला कोणीही हात लावूं नये, असें घरांत बजावून ठेवलें. चौदा वर्षांनीं ती ताडपत्री काढली तेव्हां टाकींतलें पेट्रोल विटून त्याचा राळेसारखा चिकट थर झाला होता. ब्रेकचीं सिलिंडरें गंजून जाम झालीं होतीं. रबरी नळ्या तडकल्या होत्या. आणि मागच्या बैठकींत उंदरांनीं संसार थाटला होता. बोलावून आणलेल्या वृद्ध मिस्त्रीनें गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि म्हटलें, “साहेब, गाडी चालून मरत नाहीं, उभी राहून मरते.”

त्या शब्दांनीं मी ओशाळलों. ज्याला मी पितृभक्ति समजत होतों, ती खरें पाहतां माझी भीति होती. गाडींतला एक खिळा जरी बदलला तरी वडिलांचा तितका अंश कमी होईल, असें मला वाटत होतें. आणि हें वाटणें सांभाळण्याच्या नादांत मीं त्यांची गाडीच हळूहळू नष्ट होऊं दिली होती.

गाडी दुरुस्त करावयाचें ठरलें तेव्हां दुसरी अडचण उभी राहिली. माझ्या धाकट्या भावाचें मत असें कीं, खर्च करावयाचाच तर गाडी कारखान्यांतून बाहेर पडतांना जशी होती, तशी हुबेहूब करावी. नवा रंग, नवी बैठक, आणि मागच्या डाव्या बाजूला जो मोठा पोचा आहे तो काढून टाकावा. या पोच्यावरून आम्हां भावांत वाद झाला. वडील मला गाडी शिकवीत असतां मीं ती फाटकाच्या खांबाला घासली होती. वडील त्या वेळीं एक शब्दही बोलले नाहींत, आणि पुढें त्यांनीं तो पोचा कधीं काढवूनही घेतला नाहीं. भावाच्या दृष्टीनें तें गाडीचें व्यंग होतें. माझ्या दृष्टीनें वडिलांच्या स्वभावाचा तेवढाच एक लेखी पुरावा शिल्लक राहिला होता.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या वादांत प्लुटार्कनें सांगितलेलें थीसिअसचें जहाज ओळखतां येईल. अथेन्सच्या लोकांनीं तें जहाज जपलें. कुजलेली फळी काढावी आणि नवी बसवावी, असें करीत त्यांनीं तें टिकविलें. आणि तें तेंच जहाज राहिलें कीं नाहीं याविषयीं तत्त्वज्ञ भांडत बसले. तत्त्वज्ञांना असे प्रश्न अनिर्णीत ठेवतां येतात; पण जुन्या मोटारींचीं मंडळें चालविणाऱ्या गृहस्थांना ती सोय नाहीं. त्यांना बक्षिसें वांटावयाचीं असतात, आणि उत्तम जतन केलेली गाडी कोणती हें ठरविल्यावांचून बक्षीस देतां येत नाहीं.

अमेरिकेंतील जुन्या मोटारींचें एक प्रमुख मंडळ १९३५ सालीं फिलाडेल्फिया येथें स्थापन झालें. पंचवीस वर्षें किंवा त्याहून जुन्या गाड्यांना तें प्रवेश देतें. त्याच्या मुख्य परीक्षेंत पूर्ण गुण ४०० असतात. गाडी कारखान्यांतून निघाल्या दिवशींच्या स्थितीपासून जेथें जेथें ढळली असेल, तेथें तेथें गुण कापले जातात. माझ्या भावाचें मत तें हेंच. परंतु त्याच मंडळानें आणखी एक वर्ग निराळा ठेवला आहे. ज्या गाड्यांचा मूळचा रंग, मूळची बैठक, मूळचे भाग झिजलेल्या स्थितींत कां होईना पण टिकून आहेत, त्यांना तेथें मान मिळतो. आणि तिसरा एक वर्ग अशा गाड्यांचा आहे कीं, ज्या सहलींतून खरोखरच चालविल्या जातात. म्हणजे ज्यांच्यावर निवाड्याची जबाबदारी होती, त्यांनाही जतनाची एकच व्याख्या पुरली नाहीं. एक वर्ग वस्तूच्या जन्माला मान देतो, दुसरा तिच्या आयुष्याला आणि तिसरा तिच्या कामाला.

या तिहींत श्रेष्ठ कोणता, हें ठरवितांना अशा सहलींचा उगम कोठें झाला तें पाहणें उपयुक्त होईल. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें रस्त्यावर स्वयंचलित वाहनाला उघड्या रस्त्यावर ताशीं चार मैल आणि गांवांत ताशीं दोन मैल एवढीच मुभा होती. शिवाय वाहनाच्या पुढें साठ यार्डांवर तांबडें निशाण घेतलेला एक माणूस चालत असावा लागे. १८७८ मध्यें निशाणाची सक्ति गेली, तरी पुढें चालणारा माणूस कायम राहिला. १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं नवा कायदा अमलांत येऊन ही बंधनें सुटलीं, आणि त्याच दिवशीं मोटारवाले लंडनहून ब्रायटनला निघाले. निघण्यापूर्वीं न्याहारीच्या वेळीं लॉर्ड विन्चिल्सी यांनीं एक तांबडें निशाण समारंभानें फाडलें. ३३ गाड्या निघाल्या आणि १७ पोंचल्या, असें सांगतात. त्यांतलीही एक आगगाडीनें आणून, शेवटीं तिला चिखल फांसून मिरवणुकींत घुसविली होती, अशी कुजबुज तेव्हांपासून चालत आलेली आहे.

या प्रवासाची स्मृति म्हणून १९२७ सालीं तीच धांव पुन्हां काढण्यांत आली, आणि १९३० मध्यें तेथील जुन्या मोटारींचें मंडळ स्थापन झालें. १९०५ पूर्वीं बनलेल्याच गाड्या त्या धांवेंत घेतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं सूर्योदयाच्या सुमारास त्या हाइड पार्कमधून निघतात. ही शर्यत नव्हे. ताशीं वीस मैलांहून अधिक सरासरी वेग ठेवण्यास मनाई असते. कोण पहिला आला हें जाहीर होत नाहीं. ठरलेल्या वेळेच्या आंत जो पोंचेल त्याला पदक मिळतें. वेगाचें स्वातंत्र्य मिळाल्याचा हा उत्सव रस्त्यावरच्या सर्वांत मंद गाड्या साजरा करतात, याची मला प्रथम मौज वाटली. मग लक्षांत आलें कीं, त्या दिवसाचा आनंद वेगाचा नव्हताच. आपण घरच्या माणसांना घेऊन आपल्या इच्छेनें दूर जाऊं शकतों, याचा तो आनंद होता. तेवढें ताशीं वीस मैलांतही साधतें.

आमच्या शहरांतही जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचें एक लहानसें मंडळ आहे. त्यांच्यासमवेत गेल्या हिंवाळ्यांत आम्ही पुण्याहून वाईला गेलों. बारा गाड्या होत्या. त्यांची रीत अशी कीं, सर्वांत मंद गाडी पुढें असावी, तिला कोणीं मागें टाकूं नये, आणि कोणाची गाडी बंद पडली तर बाराही थांबाव्यात. गाडीगणिक दोन पिढ्या होत्या, कांहींत तीन होत्या. आमच्या मायनरला वळण दाखविणारा लहानसा हात आहे. कळ दाबली कीं तो दरवाज्यामागच्या खांबांतून आडवा बाहेर येतो. तो पाहण्यासाठीं प्रत्येक थांब्यावर मुलें गोळा होत आणि मला विनाकारण डावीकडे, मग उजवीकडे वळण दाखवावें लागे. मागें बसलेली माझी ऐंशी वर्षांची आई मात्र वेगावर नाराज होती. “अरे, हेसुद्धां इतकी हळू चालवीत नसत,” असें ती दोनदां म्हणाली.

खंबाटकीच्या घाटांत एक गाडी बंद पडली. उष्णतेनें नळींतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला होता. पंपावर ओलीं फडकीं टाकून थांबण्यापलीकडे अशा वेळीं उपाय नसतो. मुलांनीं बाटल्यांतून पाणी आणलें, डबे उघडले गेले, आणि अर्धा तास सर्व मंडळी रस्त्याच्या कडेला बसली. तेव्हां आई सहज म्हणाली, “याच वळणावर तुला घेऊन आम्ही थांबलों होतों. तूं दहा महिन्यांचा; तापानें फणफणला होतास, आणि इंजिनही. प्यायचें पाणी यांनीं गाडीला घातलें, म्हणून मी भांडलें. मग हे दोन मैल चालत जाऊन तुझ्यासाठीं पाणी घेऊन आले.” पन्नासांहून अधिक वर्षांत ही गोष्ट मीं कधीं ऐकली नव्हती. चौदा वर्षें ताडपत्रीखालीं मीं वडिलांची आठवण म्हणून जें जपलें, त्यांत ही आठवण नव्हती. ती त्या घाटांत होती, आणि गाडी तेथपर्यंत चालत गेली म्हणूनच ती आम्हांला मिळाली.

१९५३ सालीं निघालेला ‘जेनेव्हीव्ह’ नांवाचा इंग्रजी चित्रपट याच ब्रायटनच्या धांवेवर आहे. दोघे मित्र धांवेचा नियम विसरून परतीच्या वाटेवर शंभर पौंडांची पैज लावतात, आणि पैजेपायीं एकमेकांशीं हलकटपणानें वागूं लागतात. शेवटच्या टप्प्यांत नायकाची गाडी रहदारींत अडकली असतां एक वृद्ध गृहस्थ जवळ येतो आणि अशाच गाडीच्या आपल्या तरुणपणच्या आठवणी सांगूं लागतो. क्षणाक्षणाचें मोल असतां नायक त्याचें बोलणें ऐकत थांबतो. पैजेचा निकाल पुढें कांहींही लागो, त्या थांबण्यांत तो माणूस जिंकलेला आहे, असें पाहणाराला वाटतें. जुनी वस्तु बाळगणारा मनुष्य तिचा मालक असतोच; पण तिच्यावर इतरांच्याही आठवणींचा हक्क असतो, आणि तो हक्क मान्य करण्याला वेळ खर्चावा लागतो.

या छंदावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा कीं, हा सधनांचा खेळ आहे. जुन्या गाडीच्या नांवाखालीं वैभव मिरविणारे लोक पुष्कळ आहेत. दुसरा असा कीं, जुनीं इंजिनें आजच्या इंजिनांपेक्षां अधिक धूर सोडतात, आणि आपल्या आठवणींचा धूर शेजाऱ्यानें कां सोसावा? पहिल्या आक्षेपाला माझ्याजवळ मंडळांतल्या वागणुकीपलीकडे उत्तर नाहीं. जेथें बारा गाड्या एका बंद गाडीसाठीं थांबतात, तेथें मिरवण्याला फारसा वाव उरत नाहीं, इतकेंच. दुसऱ्याविषयीं आपल्या सरकारच्या २०२१ च्या नियमांनीं मर्यादा घालून दिली आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. मात्र ती नित्याच्या किंवा धंद्याच्या कामासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांच्या सहली, आणि पेट्रोल भरणें किंवा दुरुस्ती यांसाठींच तिला मोकळीक आहे. मला ही मर्यादा न्याय्य वाटते.

याच नियमांत ‘मूळ स्वरूप’ हे शब्द आहेत, आणि त्यांनीं मला माझ्या विचाराची दुसरी बाजू दाखविली. वापर म्हणजे मनाला येईल तें बदलण्याचा परवाना नव्हे. जुन्या सांगाड्यांत नवें इंजिन घालून ती गाडी चालविणारा मनुष्य तिला जपतो असें म्हणतां येणार नाहीं. मग सीमा कोठें आंखावी? मला ती अशी दिसते. प्रत्येक वस्तूंत कांहीं भाग झिजण्यासाठींच केलेले असतात. टायर, ब्रेकचे जोडे, रबरी नळ्या, पातेल्याची कल्हई, हे सर्व त्यांतले. ते वेळेवर बदलणें हीच वस्तूशीं निष्ठा होय. ते न बदलण्याचा हट्ट धरला म्हणजे बाकीचें सर्व नष्ट होतें. जे भाग झिजण्यासाठीं केलेले नव्हते, पण ज्यांच्यावर कोणाच्या तरी आयुष्याची खूण उमटली आहे, त्यांना हात लावतांना मात्र अगोदर घरांतल्या सर्वांना विचारावें. कुलाचार आणि भाषा यांच्या बाबतींतही आपण पुष्कळदां उलटें करतों. जें झिजावयाचेंच होतें तें सोंवळ्यांत ठेवतों, आणि जें राखावयाचें होतें तें एका पिढींत टाकून देतों.

आम्हां भावांचा तंटा याच तत्त्वानें मिटला. ब्रेक, नळ्या, टायर आणि बैठकीचा भुसा बदलला. पोच्याखालचा गंज मिस्त्रीनें काढून दिला आणि पोचा तसाच राहूं दिला. भाऊ अजून त्या बाजूनें गाडीचा फोटो काढूं देत नाहीं. सध्यां रविवारीं सकाळीं आमच्या आवारांतच माझी मुलगी ती गाडी शिकते आहे. मी शेजारीं बसतों आणि गप्प राहण्याचा प्रयत्न करतों. वडिलांना तें कसें साधलें, हें मला अजून कळलेलें नाहीं. फाटकाचा खांब पूर्वींच्याच जागीं आहे.