शेवटचं तोंड

"अण्णांच्या पाया पडलेलं चालंल न्हवं?"

21 फेब्रुवारी 2015, शनिवार. कोल्हापूरच्या दसरा चौकात कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. रांगेत माझ्या पुढं एक साठीच्या पुढच्या बाई होत्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. त्यांनी मागं वळून हे विचारलं तेव्हा मी गडबडलो. आयुष्यभर कर्मकांडाच्या विरोधात बोललेला माणूस पुढं निजलेला, आणि त्याच्या पाया पडायची परवानगी या बाई माझ्याकडं मागत होत्या. मी कसाबसा म्हणालो, "पडा की." त्यांचं समाधान झाल्याचं काही दिसलं नाही. त्या पुन्हा पुढं तोंड करून उभ्या राहिल्या.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यांचं अण्णांशी नातं काय, हे मी विचारलं नाही. अशा रांगेत ते विचारायचं नसतं.

आपल्याकडं मयताला जाण्याचं खरं कारण एकाच शब्दप्रयोगात सांगितलं जातं: शेवटचं तोंड बघायला. सांत्वन, खांदा देणं, माती सावडणं हे सगळं त्यानंतरचं. लेक लांबच्या गावाहून निघालेली असली की "लेक येईस्तोवर उचलायचं नाही" असं कुणीतरी म्हातारं माणूस ठणकावतं आणि सगळी भावकी ताटकळत बसते. एसटी चुकली, घाटात गाडी अडली आणि तोंड बघायला मिळालं नाही, तर ती सल वर्षानुवर्षं राहते. भांडणात शेवटची शिवी कुठली? "मेलो तरी तोंड बघायला येऊ नकोस." म्हणजे तोंड बघणं हा हक्क आहे, तो नात्यातून येतो, आणि नातं तोडायचं असेल तर तो काढून घ्यावा लागतो.

सार्वजनिक अंत्यदर्शनाची रांग मला या हक्काच्या बाजूनं कळते. घरचं माणूस असेल तर भावकी थांबते. पुढारी असेल तर त्याचं घर त्याला घटकाभर चौकात आणून ठेवतं आणि हजारो परक्या माणसांना घरच्यांचा हक्क उसना देतं. रांगेतला प्रत्येक जण काही पावलं चालतो, दोन-तीन सेकंद थांबतो आणि तेवढ्यापुरता भावकीतला होतो. त्या बाईंना माझ्याकडून विधी कळून घ्यायचा नव्हता. आपण घरच्यासारखं वागलो तर कुणी हटकणार नाही ना, एवढीच त्यांची खातरजमा चालली होती, असं आता वाटतं.

कोल्हापूरकराला दर्शनरांग शिकवावी लागत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत आपण लहानपणापासून उभे राहिलेलो असतो. ज्याला वेळ नाही त्याच्यासाठी मुखदर्शनाची सोय असते, लांबून का होईना, चेहरा दिसला की माणूस हात जोडून वळतो. मराठीत दर्शन 'घ्यायचं' असतं हेही बघण्यासारखं आहे. श्रद्धांजली आपण देतो, वाहतो, अर्पण करतो. दर्शन मात्र घेतो. रांगेतला माणूस देणाऱ्याच्या थाटात आलेला नसतो, तो काहीतरी न्यायला आलेला असतो.

म्हणून सप्टेंबर 2022 मधली लंडनची रांग बघताना मला नवल वाटत होतं. राणी एलिझाबेथ दुसरी यांची शवपेटी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चार दिवसांहून अधिक काळ ठेवली होती आणि थेम्सच्या काठानं मैलोगणती रांग लागली होती. मनगटाला क्रमांकाचे पट्टे, शेवटचं टोक साउथवर्क पार्कात. डेव्हिड बेकहॅमसारखा फुटबॉलपटू बारा तासांहून अधिक काळ त्या रांगेत उभा राहिला. सुमारे अडीच लाख माणसं त्या पेटीपुढून गेली, आणि पेटी बंद होती. एकालाही तोंड दिसलं नाही. आमच्या गल्लीत हे सांगितलं असतं तर म्हातारी माणसं म्हणाली असती, मग गेली कशाला? याच्या बरोबर उलटं टोक मॉस्कोत आहे. तिथं लेनिनचा चेहरा 1924 पासून काचेआड जपून ठेवलाय आणि शंभर वर्षं माणसं त्याच्यापुढून सरकतायत. आमच्या कॉम्रेडांचा चेहरा काही तास दसरा चौकात होता आणि त्याच दिवशी पंचगंगेच्या स्मशानात गेला. मला आमची रीत बरी वाटते. चेहरा एकदाच बघायला मिळणार हे ठाऊक असलं की माणूस नीट बघतो.

त्या आठवड्याबद्दल थोडं सांगायला हवं. सोमवारी, 16 फेब्रुवारीला सकाळी सागरमाळ भागात पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच सोमवारी मुंबईत माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचं, म्हणजे आबांचं, निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी अंजनीला त्यांचे अंत्यसंस्कार झाले. इकडचीही माणसं तिकडं गेली होती. शुक्रवारी, 20 तारखेला पानसरे मुंबईच्या रुग्णालयात वारले. एकाच आठवड्यात दोन रांगा, पण त्यांची जात वेगळी. आबांसाठी लोक हळहळत होते. दसरा चौकात मात्र प्रत्येकाच्या पोटात एक गरम गोळा होता. 'शिवाजी कोण होता?' लिहिणारा, टोलच्या विरोधात या शहराला रस्त्यावर आणणारा ऐंशी पार केलेला माणूस फिरायला गेला असताना मारला गेला होता.

अशा वेळी शहर काय करतं, याचा कोल्हापूरला एक जुना, लाजिरवाणा अनुभव आहे. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत गांधीजींचा खून झाला, मारेकरी महाराष्ट्रातला ब्राह्मण निघाला आणि इथं ब्राह्मणांची घरं पेटली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्यांचा त्या खुनाशी सुतराम संबंध नव्हता अशी कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. दिल्लीतल्या लोकांना बिर्ला हाउसवर गांधीजींचा चेहरा दिसला, यमुनेच्या काठापर्यंत चालता आलं. इथल्या लोकांपुढं फक्त बातमी होती. आता, इथंही रांग लागली असती तर जाळपोळ झाली नसती, असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. त्या आगीत जुन्या सत्तास्पर्धेचे आणि जुन्या अपमानांचे हिशेब होते, नुसती संधी शोधणारेही होते. तरीही 1948 आणि 2015 शेजारी ठेवल्यावर एक फरक नजरेत भरतो. जमावात माणसाला तोंड नसतं. रांगेत असतं. पुढच्यानं मागं वळून बघितलं की तुम्ही त्याला दिसता, तुमची पाळी येते तेव्हा तिथं तुम्ही एकटे असता. आपण मेलेल्याचं तोंड बघायला जातो खरं, पण तास-दोन तास चारचौघं आपलंही तोंड बघत असतात.

दसरा चौकालाही त्यात वाटा आहे. तिथं शाहू महाराजांचा पुतळा आहे, शेजारी मुस्लिम बोर्डिंग आहे, आसपास त्यांनी उभी केलेली किंवा पाठबळ दिलेली वसतिगृहं. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या पोरांना शिकायला छप्पर मिळालं ते या परिसरात. बाहेरगावहून शिकायला आलेला, पेपर विकून पोट भरलेला एक पोरगा इथंच मोठा झाला. त्याचं अंत्यदर्शन दुसरीकडं कुठं ठेवणार?

रांग मोडणारेही असतातच. प्रत्येक अंत्यदर्शनात एक बाजूची वाट असते आणि तिथून मान्यवर येतात. त्यांना पुष्पचक्र वाहायचं असतं, फोटोत यायचं असतं, आणि ते रांगेतल्यांच्या दसपट वेळ थांबतात. माझा त्यांच्या येण्यावर आक्षेप नाही, तेही भावकीतले असतील. पण भावकीत कोण मोठं हे मयताच्या दारात ठरवायचं नसतं, एवढं तर खेड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात आणि त्यांवर गेलेल्यापेक्षा वाहणाऱ्यांचे चेहरे जास्त असतात. शेवटचं तोंड कुणाचं बघायचं, असा प्रश्न पडतो.

काही रांगा एका दिवसात मावत नाहीत. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब दिल्लीत गेले, त्यांचं पार्थिव रात्रीच्या विमानानं मुंबईला आणलं, राजगृहापुढं माणसांचा समुद्र लोटला आणि 7 तारखेच्या संध्याकाळी दादर चौपाटीवर अग्नी दिला गेला. कागल, हातकणंगल्याच्या खेड्यात बातमी पोचून, गाडीभाड्याचे पैसे जमवून मुंबई गाठेपर्यंत कितीजणांना तोंड दिसलं असेल? याच मुलखात माणगावला मार्च 1920 मध्ये शाहू महाराजांनी त्यांना तुमचा पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं होतं. याच शहरात, बिंदू चौकात, त्यांचा अर्धपुतळा फुल्यांच्या शेजारी 9 डिसेंबर 1950 ला बसला, ते हयात असताना. ज्यांना 1956 साली पोचता आलं नाही त्यांची नातवंडं-पतवंडं आजही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला जातात आणि चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहतात. मुंबईत काहींना त्या गर्दीचा त्रास होतो. मला ती 1956 ची रांगच वाटते, अजून पुढं सरकतेय.

हा हक्क हिरावला गेला की काय होतं, ते करोनात घरोघर कळलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बाप, लांब उभा मुलगा. 17 जानेवारी 2022 ला प्रा. एन. डी. पाटील गेले तेव्हा तिसरी लाट होती आणि अंत्यसंस्काराला वीस माणसांची मर्यादा. दुसऱ्या दिवशी शाहू कॉलेजच्या आवारात त्यांचं अंत्यदर्शन ठेवलं होतं. एनडी सरांनी आणि पानसरेंनी टोलचे मोर्चे खांद्याला खांदा लावून काढले होते. त्याच माणसासाठी आता अंतर राखून, मास्क लावून, गुपचूप सरकायचं होतं. लोक सरांचं तोंड बघायला आले होते आणि त्यांची स्वतःची तोंडं झाकलेली होती. त्यांतले काही जण दोन वर्षांत आपल्या घरच्यांना न बघताच परतलेले होते, आणि ते नुसते सरांसाठी रडत नव्हते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्याच वर्षी 6 मे रोजी सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं. शाहू महाराज 6 मे 1922 ला मुंबईत पन्हाळा लॉजवर वारले, त्याला शंभर वर्षं झाली होती. वाहनं जागेवर, माणसं जागेवर. कुणाच्या पुढं कुणी नाही, बाजूची वाट नाही. पुढं बघायला चेहराही नव्हता. रिक्षातून उतरून ताठ उभा राहिलेला एक रिक्षावाला मला आठवतो. शंभर सेकंद संपले तसं त्यानं कपाळाला आणि छातीला हात लावला, अगदी देवळातून बाहेर पडताना लावतात तसा, आणि किक मारली.

पानसरेंच्या खुनाचा तपास 2022 च्या ऑगस्टमध्ये विशेष तपास पथकाकडून (एसआयटी) दहशतवादविरोधी पथकाकडं (एटीएस) गेला. त्याआधी आणि त्यानंतरही या शहरातली माणसं निर्भय मॉर्निंग वॉक काढून रस्त्यावर येत राहिली. रांगेत घेतलेलं दर्शन कुठं जातं, याचा एवढा एक धागा मला दिसतो. बाकीचं कुठं गेलं, मला सांगता येणार नाही.

त्या बाईंची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम बघत होतो. त्या वाकल्या, पण पायांपर्यंत गेल्या नाहीत. मध्येच थांबल्या, सरळ झाल्या आणि चेहऱ्याकडं बघत राहिल्या. मागून "चला, चला" झालं. माझी पाळी आली, माझे ते दोन-तीन सेकंद कसे गेले ते मलाच आठवत नाही. बाहेर आलो तर बाई कडेला उभ्या. थोड्या वेळानं लाल सलामच्या घोषणा सुरू झाल्या आणि माणसं पंचगंगेकडं निघाली. तिथं महापालिका कुणाकडूनही पैसे न घेता अग्नी देते, आणि होळीला लोक शेणी दान करतात, त्या जळणाला येतात. आमच्याकडं बायका मसणात जात नाहीत. बाईंनी पिशवी काखेला मारली, पदर डोक्यावर सारखा केला आणि घोषणा देणाऱ्या पोरींच्या मागोमाग नदीच्या वाटेला लागल्या.